मिस्त्रींचा रद्द झालेला गोल

सोमवारी सकाळी न्याहारीच्या वेळी मिस्त्रींनी टेबलावर दोन रिकामे कप थोड्या अंतराने उभे केले, त्यांच्या मधोमध पावाचा तुकडा ठेवला आणि घरातील मंडळींकडे गंभीर मुद्रेने पाहिले.

"हे झालं जाळं. आणि हा पाव म्हणजे त्यांचा गोलकीपर."

"बाबा, त्या गोलकीपरला मी आत्ताच लोणी लावलंय," लेक म्हणाली.

"खाशील गं मग. साखरेचा खडा कुठाय? हां. हा चेंडू. तो असा आला. मी असा उभा. आणि मी काय केलं..."

मिस्त्रींनी टिचकी मारली. खडा पावाला वळसा घालून थेट जावयांच्या चहात जाऊन पडला.

"गोल!" जावई नम्रपणे म्हणाले आणि तो चहा प्यायले. कालपासून त्यांच्या पोटात बरीच साखर गेली होती.

मिस्त्रींच्या या आनंदाचे मोल कळण्यासाठी त्यांचा पूर्वेतिहास जाणणे अगत्याचे आहे. ते एका लाकडी सामानाच्या कारखान्यात सुतारकाम करीत आणि लग्नाच्याही आधीपासून कारखान्याच्या फुटबॉल संघात खेळत. त्यांची जागा अगदी मागच्या फळीत. दाराला जशी कडी, तसे संघाला मिस्त्री. दुसऱ्यांचे गोल अडविण्यात त्यांचे केस पिकले, परंतु स्वतःच्या नावावर एकही गोल चढला नाही. आणि रविवारी, कारखाना चषकाच्या अंतिम सामन्यात, बेकरीच्या संघाविरुद्ध, ते कसे कोण जाणे पुढे जाऊन पोहोचले आणि सामन्यातला एकुलता एक गोल त्यांच्या उजव्या पायातून घडला. त्यातही दुधात साखर अशी की, त्यांच्या पत्नी, ज्यांना सारा कारखाना वहिनी म्हणत असे, त्या दिवशी आयुष्यात प्रथमच मैदानावर येऊन बसल्या होत्या.

चषकाची एक जुनी रीत होती. निर्णायक गोल ज्याने केला, त्याच्या घरी चषकाने पहिला मुक्काम करायचा. रविवारी सायंकाळी मिस्त्रींनी भिंतीवर सागवानी फळी ठोकली, तिला रंधा मारून आरशासारखी गुळगुळीत केली आणि तीवर चषक विराजमान झाला.

"तू पाहिलास ना गं नीट?" मिस्त्रींनी विचारले.

"पाहिला की. छान झाला."

"डावीकडून मारला की उजवीकडून?"

"तुमच्याकडून मारलात," असे म्हणून वहिनी घाईने उठल्या आणि फ्लास्कचे झाकण घासू लागल्या. मैदानावर पडून त्या झाकणाला पोचा आला होता.

गुरुवारी दुपारी कारखान्याचे फोरमन धापा टाकीत मिस्त्रींच्या कामाच्या मेजापाशी आले.

"मिस्त्री, घात झाला! बेकरीवाल्यांनी तक्रार ठोकली. म्हणतात, तुमचा गोलकीपर बाहेरचा."

येथे सांगणे भाग आहे की, तक्रारीत तथ्य होते. कारखान्याचा खरा गोलकीपर म्हणजे पॉलिशवाला. सामन्याच्या आदल्या आठवड्यात त्याचा अंगठा कपाटाच्या खणात चेंगरला. तेव्हा मिस्त्रींनी आपल्या जावयांचे नाव सुचविले. जावई घड्याळे दुरुस्त करीत. नजर तीक्ष्ण, बोटे चपळ. परंतु चषकाचा नियम असा होता की, ज्याचा हात कारखान्याच्या कामाला लागतो, तोच कारखान्याकडून खेळेल. फोरमननी या नियमावर पुष्कळ मनन केले, आणि शनिवारी जावयांना बोलावून त्यांच्याकडून एका स्टुलाचा पाय बसवून घेतला. जावयांनी तो चिमट्याने सरस लावून, डोळ्याला भिंग लावून बसविला. हात कामाला लागला. नियमाचे पोट भरले, असे सर्वांना अगदी मनापासून वाटले.

"चुगली केली कुणी पण?" मिस्त्रींनी विचारले.

"बेकरीचा कॅप्टन नाव सांगेना. म्हणतो, शब्द दिलाय. मला तर पॉलिशवाल्याचाच संशय येतोय. जागा गेली म्हणून जळला असेल."

"मी कशाला जळू?" पॉलिशवाला पलीकडून ओरडला. "माझा अंगठा जळतोय तेवढं पुरे आहे!"

"ते राहू द्या. सुनावणी उद्याच आहे, आणि आपल्याकडे पुरावा आहे." फोरमननी ते स्टूल आणून पुढे ठेवले.

मिस्त्रींनी स्टुलाला सवयीने बोट लावले. एक पाय हलला. जावयांनी सरस लावला होता खरा, परंतु घड्याळाला लावावा तितकाच. मिस्त्रींचा हात आपोआप हातोडीकडे गेला.

"ठोका की दोन," फोरमन कुजबुजले. "कोण बघतंय?"

मिस्त्रींनी हातोडी उचलली. एका बाजूस आयुष्यातला एकमेव गोल, दुसऱ्या बाजूस एक पाचर. मग त्यांनी हातोडी जागेवर ठेवली.

"नको. मी ठोकलं तर ते माझं काम झालं. पुरावा त्याच्या कामाचा हवाय."

"अहो, हरिश्चंद्राचे अवतार! गोल जाईल तुमचा!"

"जाऊ दे. कदाचित समितीचं कुणी बसणारच नाही त्यावर."

परंतु चषक समितीचे अध्यक्ष त्यावर बसले. हे गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते, आणि प्रत्येक गोष्ट स्वतः हलवून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सुनावणीस दोन्ही संघ हजर होते.

"हे स्टूल यांनी बनवलं?" दंतवैद्यांनी विचारले.

"पाय बसवलाय, साहेब," जावई प्रामाणिकपणे म्हणाले. "डावा, मागचा."

"बघू." दंतवैद्य बसले. क्षणभर सारे स्थिर होते. मग डाव्या, मागच्या पायाने आपले कर्तव्य सोडले, आणि कारखान्याचा पुरावा अध्यक्षांसकट जमिनीवर आला.

बेकरीच्या कॅप्टनने त्यांना हात देऊन उठविले. दंतवैद्यांनी कोट झटकला, मिस्त्रींकडे पाहिले आणि जुन्या सवयीने म्हणाले, "थोडं दुखेल हं." मग निकाल सांगितला. "खेळाडू अपात्र. सामना रद्द. रविवारी पुन्हा खेळायचा. तो सामना झालाच नाही असं समजा."

"सगळं कबूल आहे, साहेब," मिस्त्री हळूच म्हणाले. "पण माझा गोल?"

"जो सामनाच झाला नाही, त्यात गोल कुठून येणार?"

"पण मी मारला हो. यांनी सगळ्यांनी पाहिलाय."

"मुळासकट काढावं लागतं, मिस्त्री. अर्धं ठेवता येत नाही."

त्याच दिवशी समितीचा शिपाई घरी येऊन चषक घेऊन गेला. सागवानी फळी रिकामी झाली. मिस्त्री तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी न्याहारीला कप होते, पाव होता, साखर होती. परंतु साखर चमच्याने चहात पडली आणि पाव निमूटपणे खाल्ला गेला. जावयांनाच ते अधिक लागले.

"बाबा, मला एकदा दाखवा ना, तो चेंडू कसा आला होता," ते म्हणाले.

"कुठला चेंडू?" मिस्त्री म्हणाले. "सामना झालाच नाही."

हे ऐकून वहिनींच्या हातातील बशी निसटता निसटता वाचली. लेक आणि जावई आपापल्या कामाला गेल्यावर त्या मिस्त्रींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, ती चुगली... ती मीच केली."

मिस्त्रींनी प्रथम त्यांच्याकडे पाहिले, मग फळीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "तू? स्वतःच्या जावयाची?"

"मला तो गोल दिसलाच नाही हो!" वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासाठी चहा ओतत होते. झाकण हातातनं सुटलं आणि बाकाखाली घरंगळलं. मी वाकले, तेवढ्यात सगळे ओरडले. वर बघते तर लोकांनी तुम्हाला खांद्यावर घेतलेलं. एवढ्या वर्षांत एकदा आले, आणि झाकण बघून परत आले."

"मग सांगायचंस ना मला!"

"काय सांगू? तुम्ही रोज विचारता, पाहिलास ना, पाहिलास ना. तुमचं ते तोंड बघून मला खोटंच बोलता यायचं. मग बेकरीत पाव आणायला गेले, तर त्यांचा कॅप्टन म्हणाला, तुमचा गोलकीपर नवाच दिसतोय, बाहेरचा असेल तर सामना पुन्हा खेळायला लागतो हं. मी विचारलं, पुन्हा म्हणजे सगळं पहिल्यापासून? तो म्हणाला, सगळं. मग मी म्हटलं, हो, बाहेरचाच आहे."

"अगं, पण..."

"मला वाटलं, तुम्ही परत माराल. एक दार जमलं की दुसरं तस्संच करता की तुम्ही! चषक काढून नेतील, हे मला काय ठाऊक?"

मिस्त्रींना राग येणे स्वाभाविक होते, आणि तो यावा म्हणून ते थोडा वेळ थांबलेही. परंतु तो आला नाही. उलट आपल्या गोलाची इतकी निकड जगात कुणाला तरी होती, या विचाराने त्यांना उठून उभे राहावेसे वाटले.

"दार वेगळं गं," ते म्हणाले. "दार जागेवर उभं असतं. पण बघू. तू मात्र या खेपेला वाकू नकोस."

रविवारी पॉलिशवाला अंगठ्याला पट्टी बांधून गोलात उभा राहिला. वहिनी बाकावर ताठ बसल्या. त्यांच्या एका बाजूस लेक, दुसऱ्या बाजूस जावई, आणि फ्लास्क जावयांच्या मांडीवर.

"आई, झाकण मी धरलंय. तुम्ही फक्त समोर बघा."

"शिंक आली तरी डोळे मिटणार नाही, जावईबापू."

मिस्त्री त्या दिवशी मागच्या फळीत थांबेनात. चेंडू दिसला की ते पुढे धावत. "मिस्त्री, मागे! मागे या!" असे ओरडून ओरडून फोरमनचा आवाज बसला. मिस्त्रींनी एक चेंडू आकाशात मारला, एक झाडीत, आणि एक थेट दंतवैद्यांच्या टोपीवर. गोल होईना, तसतशी त्यांची नजर बाकाकडे वळे, आणि बाकावरून दोन डोळे पापणी न लववता त्यांच्याकडे पाहत असत.

सामना संपत आला असता बेकरीला कोपऱ्यावरून चेंडू मारावयास मिळाला. आता मिस्त्रींना मागे येणे भागच होते. चेंडू उंच आला. बेकरीचा कॅप्टन उडाला, त्याच्याआधी मिस्त्री उडाले, आणि त्या वयास न शोभणाऱ्या उंचीवर जाऊन त्यांनी चेंडूला मस्तकाचा असा सणसणीत प्रसाद दिला की, पॉलिशवाल्याला अंगठा हलविण्याचीही सवड मिळाली नाही. चेंडू जाळ्यात गेला. त्यांच्या स्वतःच्या.

बेकरीवाले नाचू लागले. कारखान्याच्या मंडळींनी माना खाली घातल्या. फोरमननी बसक्या आवाजात जे उद्गार काढले, ते येथे देता येत नाहीत. मिस्त्री गवतावर बसले होते आणि त्यांना पृथ्वीने पोटात घ्यावे असे वाटत होते. इतक्यात बाकाच्या दिशेने टाळ्या ऐकू आल्या. एकाच जोडीच्या.

"अहो! पाहिला! मी पाहिला!" वहिनी बाकावर उभ्या राहून ओरडत होत्या. "डोक्यानं मारलात!"

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिले. असा चेहरा त्यांनी लग्नाच्या दिवशीही पाहिला नव्हता. ते सावकाश उठले आणि विजयी वीराप्रमाणे एक हात वर केला.

मैदानाबाहेर त्यांनी फोरमन, पॉलिशवाला आणि जावई यांना एका बाजूस घेतले. "तिला कुणी सांगायचं नाही हं. गोल आपलाच होता. शपथ घ्या." फोरमननी सर्वांत शेवटी घेतली, परंतु घेतली.

घरी येऊन मिस्त्रींनी पुन्हा दोन कप मांडले, मात्र पाव कुठे ठेवावा या विचारात बराच वेळ गेला. इतक्यात दार वाजले. बाहेर बेकरीचा कॅप्टन चषक घेऊन उभा होता.

"घ्या, मिस्त्री. दंतवैद्य म्हणाले, निर्णायक गोल ज्याने केला त्याच्या घरी चषक राहायचा, अशी रीत आहे. कुठल्या जाळ्यात केला, ते रीतीत कुठंच..."

मिस्त्रींनी त्याचा हात असा दाबला की, कॅप्टनचा आवाज तेथेच थांबला. मिस्त्रींनी डोळ्यांनीच स्वयंपाकघराकडे खूण केली. पाव विकून विकून माणसांची पारख आलेला तो मनुष्य लगेच समजला.

"वहिनी, अभिनंदन!" तो मोठ्याने म्हणाला. "काय गोल होता! आम्ही तर बघतच राहिलो!"

"मी पण!" आतून उत्तर आले.

मिस्त्री चषक फळीवर ठेवू लागले. तो मधोमध बसावा म्हणून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवू लागले. स्वयंपाकघरात लेकीने आईचा पदर ओढला.

"आई, अगं, तो आपल्याच जाळ्यात गेला. आपण हरलोय!"

"हळू बोल. मला कळत नाही का? सगळे आपले लोक माना खाली घालून बसले होते."

"मग तू टाळ्या कशाला वाजवल्यास?"

वहिनींनी फ्लास्कचे पोचा आलेले झाकण पुसले आणि त्यात चहा ओतला.

"सगळ्यांनी त्यांच्यावरची नजर काढून घेतली होती गं," त्या म्हणाल्या. "मी बघत होते, हे त्यांना कळायला नको?"

"अगं ए, ऐकतेस का?" बाहेरून मिस्त्रींची हाक आली. "ये लवकर! चेंडू कसा आला ते दाखवतो!"

"आले, आले," वहिनी म्हणाल्या, आणि जाता जाता त्यांनी साखरेचा डबाही बरोबर घेतला.