अवधूतरावांच्या पिंपाची पहिली धार

श्री. जव मातीत निजतो, पाण्यात जागा होतो आणि पिंपात स्वप्न पाहतो, त्या जवास नमन करून, शके एकोणीसशे पंचेचाळीस, कार्तिक मासी जे वर्तमान जाहले ते यथामति लिहितो. राज्याचे नाव पुसू नये, आम्हांसही ठाऊक नाही. तेथील रयत घरोघर बिअर करी, आणि जुनी पिंपे, तोट्या, गॅसचे बाटले यांचा बाजार दर पौर्णिमेस सकाळी नदीच्या वाळूवर भरे, आणि बाजारी कोणी ओरडत नसे. पिंपावर टिचकी मारावी, कान लावावा, आत नाद घुमे तो ऐकत उभे राहावे, आणि मग भाव बोलावा, ऐसी रीत. कित्येक ऐकता ऐकता तेथेच निजत आणि त्यांस कोणी उठवीत नसे. आणखी एक रीत होती, की जुन्या पिंपात बिअर केली म्हणजे पहिली धार विकणाऱ्यास पाजावी, मग आपण प्यावी. रीत मोडेल त्याच्या बिअरेस फेस म्हणून येत नाही, ऐसी समजूत.

त्या बाजारी सगुणाबाई आल्या. त्यांचे यजमान अवधूतराव मागील साली वारले, ते पंधरा वर्षे एकाच पिंपात आल्याची बिअर करीत, आणि तेच पिंप बाईंनी विक्रीस काढिले. मोठमोठे गिऱ्हाईक आले आणि बाईंनी कोणास दिले नाही. मग हैबतराव आले. गृहस्थ भला, बिअरेचा नादी, आणि स्वच्छतेचे वेड भारी. त्यांनी पिंपास कान लाविला आणि दोन घटका जागचे हलले नाहीत. बाई संतोषल्या आणि बोलल्या, "दादा, पिंप न्या. एकच मागणं आहे. झाकणाचे वायसर बदलू नका, धुऊही नका. रबर वास धरून ठेवतं. आमच्या ह्यांच्या हातची चव त्यात मुरलीय. पहिल्या धारेला ती एकदा जिभेवर येऊ द्या, मग काय हवं ते करा." हैबतराव बोलिले, "आक्का, जीव गेला तरी हात लावणार नाही."

ऐसे बोलोन पिंप घरी आणिले आणि मग, काय सांगावे, घात जाहला! जुने पिंप घरात आले की आधी वायसर उपसून उकळत्या सोड्यात टाकणे, ही पट्टीच्या बिअरवाल्याची सवय. हैबतरावांच्या कानी तो पिंपाचा नाद अजून घुमत होता, ते तंद्रीत गुणगुणत राहिले, आणि इकडे हातांनी आपले काम उरकिले. भानावर आले तो वायसर लख्ख, आणि हुंगून पाहिले तो नुसता सोडा. "अरे हैबत्या, गाढवा!" ऐसे आपणच आपणांस बोलिले आणि तीन दिवस अन्न गोड लागेना. वाटले, आले दुप्पट घालावे, बाईंस काय कळते, आणि मग आपलीच लाज वाटली. सबब नेहमीसारखी बिअर केली आणि महिन्याने बाईंस बोलावणे धाडिले.

बाई ठेवणीतले लुगडे नेसोन आल्या. अंगणात कोवळे ऊन होते. हैबतराव तोटीस हात न लाविता उभे राहिले आणि बोलिले, "आक्का, चूक झाली. हात सवयीनं गेला. वायसर उकळले. त्यात तुमच्या ह्यांचं काही उरलं नाही." बाईंचे तोंड उतरले. मग बाई बोलल्या, "रीत ती रीत. ओता." धार आली, पेला भरला, बाईंनी एक घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला, आणि पदर तोंडाशी धरोन हसू लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. हैबतराव घाबरले, "काय झालं, आक्का?" बाई बोलल्या, "अहो, चांगली झालीय! बिअर अशी लागते होय? ह्यांची मेली दर खेपेला आंबट. पंधरा वर्षं मी 'झकास' म्हणत प्यायले, एकदा ह्यांना खरं बोलले नाही. आज सांगावंसं वाटतंय, तर ऐकायला ते नाहीत." ऐसे बोलोन डोळे पुसले आणि पेला पुढे केला.

एकूण वर्तमान इतकेच, की हैबतराव ओतीत राहिले, आणि बाई एकेका घोटास अवधूतरावांस नावे ठेवीत राहिल्या, फार मायेने. पुढे लेखणीस डुलकी आली, सबब थांबलो.