आयच्या खोलीतला क्रूस

सिरिल डिमेलोच्या बदलापूरच्या नव्या फ्लॅटमध्ये एक खोली आयची होती. फक्त आय तिच्यात राहायला येत नव्हती. सिरिलचे वडील गेल्यापासून चार वर्षं ती अंबरनाथला, शिवमंदिराच्या वाटेवरच्या चाळीत एकटीच राहत होती. महिन्यापूर्वी रात्री वीज गेलेली असताना ती मोरीकडे जायला उठली आणि अंधारात पडली. गुडघा टम्म सुजला, पण आय काही जागची हलायला तयार नव्हती. दुसऱ्या वेळी असं झालं तर काय, ही सिरिलची काळजी. दर रविवारी जाऊन तो तिची मनधरणी करायचा. अखेर एका रविवारी तिने मान हलवली, पण अट घालूनच.

"येते. पण आधी खोलीतला क्रूस बघीन. पटला तर राहीन. नाय पटला तर संध्याकाळी परत."

"कसला पाहिजे? सांग ना, तसाच आणतो."

"मी सांगून आनलास तर त्यात तुजं काय रं? आयच्या मनातलं तुला कळू नये?"

सिरिल एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होता. नमुना घ्यायचा, तपासायचा आणि वहीत नोंद करायची, यात त्याची एकतीस वर्षं गेली होती. आईच्या मनातलं काढायची चाचणी त्याच्या लॅबमध्ये नव्हती, पण शोध घ्यायची खोड अंगात पक्की मुरलेली होती. घरी येईपर्यंत त्याने मार्ग काढलासुद्धा. चाळीतल्या भिंतीवरच्या ज्या क्रूसापुढे आय चाळीस वर्षं गुडघे टेकत आली, हुबेहूब तसाच आणायचा. प्रश्न मिटला.

प्रश्न मिटला नव्हता. तो क्रूस वडिलांच्या हातात दिला होता आणि शवपेटीतून त्यांच्याबरोबरच गेला होता. भिंतीवर राहिला होता एक खिळा आणि त्याला टांगलेली जपमाळ. आणि तो क्रूस कसा होता, हे सिरिलला आठवेना. त्याच्याचखाली बसून तो पाढे शिकला होता, मार खाऊन रडला होता, लग्नाच्या दिवशी डोकं टेकवून निघाला होता. पण त्यावर येशू होता की नुसतंच लाकूड होतं, हे काही केल्या डोळ्यांपुढे येईना. सिरिलला स्वतःचीच लाज वाटली. लाजेहून जास्त त्याला नवल वाटलं.

त्याने कल्याणला बहिणीला, सोनियाला, फोन लावला.

"येशू होता ना. पितळेचा," सोनिया ठामपणे म्हणाली. "काळ्या लाकडावर."

पास्कूकाका म्हणाले, "छट्. साधा सागवानी. मीच पॉलिश करून दिलेला."

सिरिलने जुने फोटो काढले. प्रत्येक फोटोत क्रूसाच्या बरोबर पुढे वडिलांचं डोकं होतं.

"मला आठवतात त्या झावळ्या," त्याची बायको लवीना म्हणाली. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली झावळी क्रूसामागे खोचायची, ही सगळ्यांच्याच घरची रीत. पण आय मागच्या वर्षीची न काढता पुढची खोचायची. "झाडच झालेलं त्याचं. आत काय आहे ते कोणाला दिसणार? सिरिल, मला विचारशील तर..."

"तुझं नाही गं, आयच्या आवडीचं चाललंय," सिरिल म्हणाला आणि वहीत साक्षीदार क्रमांक तीन असं लिहिलं.

शनिवार होता. लवीनाने स्टूल घेतलं, जुना टूथब्रश घेतला आणि हॉलमधला क्रूस घासायला लागली. हा क्रूस सिरिलने वेलंकनीच्या यात्रेहून आणलेला, वरपासून खालपर्यंत शिंपल्यांनी मढवलेला. प्रत्येक शिंपल्यात धूळ बसायची.

साक्षी जुळत नसतील तर सगळे नमुने तपासायचे, हा लॅबचा नियम. पुढच्या शनिवारी सिरिल उल्हासनगरला प्रीतमशेठच्या दुकानात गेला. तिथे सगळ्या धर्मांचे देव एका काउंटरवर गुण्यागोविंदाने नांदत होते. सिरिलने चार क्रूस निवडले. पितळी येशूचा एक, साधा सागवानी एक, हात वर करून मरणातून उठलेल्या येशूचा पांढरा एक आणि चौथा संत बेनेडिक्टचा, ज्यावर बारीक लॅटिन अक्षरं कोरलेली.

"शेठ, आयसाठी आहेत. एक राहील. तीन परत आणीन."

"ले आना साई, किसने रोका है," प्रीतमशेठ म्हणाले. "बस, एकच गोष्ट. माल ओला नको. पानी का एक डाग दिसला, तर रिटर्न कॅन्सल." मग त्यांनी काउंटरखालून पाचवा काढला. फिकट पिवळ्या प्लास्टिकचा, वीतभर. "ये तुझ्या मम्मीला माझ्याकडून. सॅम्पल पीस आहे. अंधेरे में हरा चमकता है."

सिरिलने तो घेतला खरा, पण घरी आल्यावर त्याला तो बघवेना. त्याच संध्याकाळी भिंतीला भोक पाडायला ड्रिलवाला महेश आला. पलंगासमोर बेताच्या उंचीवर त्याने खिळा बसवला आणि जाताना प्लास्टिकचा क्रूस हातात धरून निरखत राहिला.

"भारी आहे साहेब. रेडियम ना?"

"आवडला? घेऊन जा," सिरिल म्हणाला. एक बला टळली.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून अंबरनाथचे फादर नव्या घराला आशीर्वाद द्यायला आले, त्यांच्याच गाडीतून आयसुद्धा आली. मांडीवर कापडी पिशवी, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. फादरांनी प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी शिंपडत ते एकेका खोलीत शिरले. फादर तरुण होते आणि उत्साही होते, त्यामुळे पाण्यात हात आखडता घेत नव्हते. आयच्या खोलीच्या दाराशी आल्यावर सिरिलला एकदम आठवलं. पलंगावर चारही क्रूस ओळीने मांडलेले होते.

"फादर, इथे जरा हळू, म्हणजे..."

"का? आईंच्याच खोलीत कंजूषपणा?" फादर म्हणाले आणि चारही क्रूसांना न्हाऊ घातलं. वर प्रत्येकावर हात ठेवून आशीर्वादही दिला. संत बेनेडिक्टच्या लॅटिन अक्षरांतून पाणी ओघळलं.

आता ते परत जाणं शक्यच नव्हतं. पाण्याचे डाग एक वेळ पुसता आले असते, पण आशीर्वाद दिलेला क्रूस दुकानात नेऊन विकायला कसा ठेवणार? सिरिल कपाळ चोळत असताना आय पलंगावर टेकली आणि तिने पहिला क्रूस उचलला.

"ह्याच्यावर लय सोसलंय देवानं," पितळी येशूकडे बघून ती म्हणाली. "ह्याला मी माज्या गुडघ्याचं काय सांगू? लाज वाटंल."

साधा सागवानी उलटा-सुलटा केला. "ह्यात कोन नाय. बोलू कोनाशी?"

उठलेला येशू बघून म्हणाली, "ह्यो तर निघाला वरती. माज्यासाठी थांबतोय कशाला?"

संत बेनेडिक्ट तिने डोळ्यांजवळ धरला. "ह्याला चष्मा लागंल." आणि पिशवी उचलली. "संध्याकाळची गाडी कितीला हाय?"

सिरिलने पिशवीचा बंद धरला. "आय, अगं जुन्यासारखा एक तरी असेल ना यात. चाळीस वर्षं ज्याच्यापुढे..."

"तो तुज्या बापाच्या आवडीचा व्हता," आय म्हणाली. "चाळीस वर्षं त्यांच्या आवडीचा बघितला. मना कोनी विचारलं कधी?"

फादरांनी पाण्याची बाटली बंद केली.

"मग आता विचारतो," सिरिल हळूच म्हणाला. "आय, तुला कसला आवडतो? मला नाही ओळखता आलं."

एवढा साधा प्रश्न इतक्या वर्षांनी आल्यावर आयलाही उत्तर काढायला खोल जावं लागलं.

"चाळीत गोजरबाईकडं गनपती हाय," ती म्हणाली. "अंधारात हिरवा दिसतो. तसला मना पायजे. दिवसा देव कुठं हाय ते मना म्हायती हाय. रातच्याला दिसाया पायजे. त्या दिवशी पडले तवा भिंत कुठं, दार कुठं, कायबी समजंना."

"होता," सिरिल म्हणाला. "काल संध्याकाळपर्यंत होता."

तेवढ्यात बेल वाजली. दारात महेश. हातात वर्तमानपत्राची पुडी.

"साहेब, रागावू नका," महेश म्हणाला. "काल रात्री दिवे घालवले आणि भिंतीवर हा हिरवागार उजेड. बायको, वेणू, उठून बसली. बोलली, हा देव जागा आहे, ज्यांचा त्यांना सकाळी नेऊन द्या."

आयने पुडी सोडली, पदर डोक्यावर ओढून त्यात क्रूस धरला आणि आत डोकावून पाहिलं. पदराआडून तिचा आवाज आला, "हाय. जागा हाय." मग ती महेशला म्हणाली, "बाबा, ते यंत्र आनलंय का? त्या मोरीच्या दाराशेजारी लाव. बरोबर उजव्या हाताला."

"पण समोर खिळा मारलाय ना," सिरिल म्हणाला.

"समोर बघून मी पडनार नाय, जाताना पडनार," आय म्हणाली आणि पिशवीतली साडी काढून कपाटात ठेवली. ती साडी कपाटात गेली तेव्हा सिरिलचे डोळे भरून आले आणि ते त्याने लपवलेही नाहीत.

ड्रिलचा आवाज सुरू झाला. फादर चहाला बसले. सिरिल चार ओले क्रूस घेऊन हॉलमध्ये आला आणि त्याच्या मनात एक शंका डोकावली. आयला कोणी विचारलं नव्हतं, ते चाळीस वर्षं. त्याच्या लग्नाला सव्वीस झाली होती.

"लवीना," तो म्हणाला, "आपला हॉलमधला क्रूस तुला आवडतो ना?"

लवीनाने कपात चहा ओतता ओतता शिंपल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. किटली खाली ठेवून ती आली, त्याच्या हातातला साधा सागवानी काढून घेतला आणि पदराने एकदाच, एका फटक्यात पुसला. तो स्वच्छ झाला.

"हा," ती म्हणाली. "महेशला सांग, जाऊ नकोस. तुझा तुला आवडतो, तर तो तुझ्या पलंगाच्या बाजूला लाव."

आणि तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतला तो जुना टूथब्रश आणून त्याच्या हातात दिला.