नाक धुवायचं मडकं

मला कोणाची गरज लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वनखात्याच्या लाकूड डेपोवर चौतीस वर्षं काढली आहेत मी. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की पंधरा-पंधरा दिवस मी आणि सागवान, तिसरं कोणी नाही. तेव्हा नाकाचं एक हाड सरळ करून घ्यायचं आणि मग तीन आठवडे घरी बसून नाक धुवायचं, ह्यात काय मोठं! हेच मी माझ्या मुलीला, नूतनला, छाती पुढे काढून सांगितलं.

हाड माझं जन्मापासूनच वाकडं. त्यापायी मी घोरायचो. अहिल्या, म्हणजे माझी बायको, होती तोवर रोज सकाळी चहाबरोबर मला माझ्या घोरण्याचा अहवाल मिळायचा. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि माझं घोरणंही थांबलं, असं मी समजून चाललो होतो. दिवाळीत नूतन जबलपूरहून आली तेव्हा कळलं की थांबलं काहीच नव्हतं, सांगणारं कोणी उरलं नव्हतं. शेवटी एप्रिलात तिनं मला धरून गोंदियाला नेलं, ऑपरेशन करवलं आणि बालाघाटला घरी आणून सोडलं.

"थांबू का बाबा अजून आठ दिवस?" तिनं विचारलं. मी म्हणालो, नको. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, नको, माझं मी करतो. आता आपल्याकडे पाहुण्याला पोळी वाढताना तीनदा विचारायची रीत आहे, आणि पाहुणा हो म्हणतो तो तिसऱ्यांदा. पण पोरगी विमा कंपनीत नोकरीला! दोनदाच विचारलं आणि शनिवारी पहाटेच्या गाडीनं निघून गेली. गल्लीत कोणाला पत्तासुद्धा लागला नाही.

तर नाक धुणं. डॉक्टरनं एक दाबायची बाटली दिली होती. पाणी उकळायचं, कोमट होऊ द्यायचं, त्यात मिठाची पुडी टाकायची, बेसिनवर वाकायचं आणि एका नाकपुडीला बाटली लावून दाबायची. पाणी दुसरीतून बाहेर येतं. हे झालं कागदावर. माझं पहिल्या दिवशी तोंडातून आलं, डोळ्यांतून आलं, आणि एक धार कानात गेली असा मला अजून संशय आहे. नंतर अर्धा तास डोळे गळत राहायचे. नाक शिंकरायची बंदी. शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. आवाज तर असा झाला होता की मी बोललो की मलाच वाटायचं, शेजारच्या खोलीत कोणी आहे. एकदा जाऊन पाहूनही आलो.

सकाळ-संध्याकाळ पाणी उकळायचा मला दोन दिवसांतच कंटाळा आला. एप्रिलचं ऊन, त्यात स्वयंपाकघराची भट्टी! मग मी डेपोच्या शिस्तीनं विचार केला. माल एकदम भरून ठेवावा. आठवड्याचं पाणी एकदाच अंगणात उकळायचं, एका कोऱ्या मडक्यात भरायचं, तोंडाला पांढरं कापड सुतळीनं बांधायचं आणि ते कापड रोज बदलायचं. डॉक्टरनं यातलं काही सांगितलेलं नव्हतं. तो रोज ताजं पाणी उकळा म्हणाला होता. पण डॉक्टरनं डेपो कुठे चालवला आहे!

सोमवारी सकाळी नाक धुतलं आणि तसाच, गळत्या डोळ्यांनी बाजारात गेलो. आधी नथ्थू कुंभाराकडे. लहान मडकं पाहिजे म्हणालो, एकच, कोरं. नथ्थू एरवी दहा मडकी वाजवून दाखवतो आणि अकरावं गळ्यात मारतो. त्या दिवशी त्यानं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि एक मडकं मुकाट्यानं पुढे केलं. भावही केला नाही. मला नवल वाटलं. राग त्याहून जास्त आला, कारण नाकाला काय झालं हे त्यानं विचारलंच नाही! मी सगळं तयार करून ठेवलं होतं, भूल दिल्यापासून टाके विरघळण्यापर्यंत.

पुढे भैयालालचं कापडाचं दुकान. पांढरं मांजरपाट पाच मीटर मागितलं. रोज एक तुकडा फाडायचा, तीन आठवडे जायला हवं ना! भैयालालनं "रंगीन में भी है" वगैरे काही केलं नाही. गादीवरून उठला, कापड मोजलं, घडी करून हातात दिलं आणि माझ्यासमोर हात जोडले. वीस वर्षांत ह्या माणसानं मला हात जोडले नव्हते. तिथूनच कापूस घेतला, सुतळीचा गुंडा घेतला आणि घरी आलो. वाटेत दोघा-तिघांनी मला पाहून सायकली थांबवल्या. बोललं कोणीच नाही.

अंगणात तीन विटा मांडल्या, खाली लाकडं सारली, वर अहिल्येचं लग्नातलं मोठं पातेलं चढवलं. नाक गळत होतं म्हणून दोन्हीकडे थोडा थोडा कापूस लावला आणि पायरीवर बसलो. एवढ्यात शेजारची शेवंताबाई कुंपणापाशी आली. तिनं चुलीकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं, कापडाच्या घडीकडे पाहिलं. मग फाटक उघडून आली, माझ्याशेजारी बसली, तोंडाला पदर लावला आणि रडू लागली.

आता सांगा, माझ्या नाकासाठी कोणी एवढं रडेल असं मला वाटलं असेल का? माझं अंतःकरण भरून आलं. मी तिला म्हणालो की एवढं काही नाही, होतं असं, आपलं आपणच सोसायचं असतं. तशी ती आणखीच रडली. मग मीही रडलो. दोन वर्षांत माझ्याशेजारी बसून कोणी रडलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग माणसं यायला लागली. एकेक जण खांद्यावर गमछा टाकून यायचा, आंब्याच्या सावलीत बसायचा आणि जमिनीकडे पाहायचा. मला वाटलं, आता आली गल्लीला आठवण. उठून विचारलं, चहा टाकू का? सगळ्यांनी एकदम माना हलवल्या. पाणी तरी? तेही नको. मला फार लागलं ते. माझ्या घरचा चहा घ्यायला काय विष आहे त्यात! तेवढ्यात किरनापूर रोडच्या बाजूनं एक हातठेला आला आणि त्यावरचे दोन हिरवे बांबू माझ्याच भिंतीला टेकवून ठेवले गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गल्लीत कोणीतरी गेलं होतं! आणि माझ्या अंगणात सावली आहे म्हणून मंडळी इथे बसली होती. कोण गेलं असं विचारायची तर आपल्यात पद्धत नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि बाकीचे मुकाट्यानं बसतात. मी आतून गमछा आणला, खांद्यावर टाकला आणि मंडळीत जाऊन बसलो. जमिनीकडे पाहू लागलो. चौतीस-पस्तीस माणसं होती. इतकी माणसं माझ्या अंगणात अहिल्येनंतर पहिल्यांदाच जमली होती, आणि जो कोणी गेला होता त्याचे मी मनातल्या मनात आभार मानले.

अर्धा तास असा गेला. शेवटी शेवंताबाई उठून घरात गेली. परत आली ती चेहरा उतरून. "आत तं कोनीच नाही," ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. नथ्थू सरकत सरकत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, पोरगी कुठं ठेवली?"

"कोणती पोरगी?"

"आपली नूतन."

तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला हसू आलं नाही. मला वाटलं, ह्यांना काहीतरी कळलं आहे आणि मला अजून कळलेलं नाही. एकट्या माणसाला बातमी सगळ्यात शेवटी पोचते. शनिवारी तिनं पोचल्याचा मेसेज टाकला होता. रविवारी तिचा फोन आला नव्हता. मीही केला नव्हता, बाबांना करमत नाही असं तिला वाटायला नको म्हणून! मी खिशातून फोन काढला. घाईत कुठे काय दाबलं मला माहीत नाही. घंटी वाजली, वाजली आणि बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. नूतनवर कधी काळी रागावलो होतो ते सगळे प्रसंग मला त्या दोन मिनिटांत आठवले, आणि ते फार नव्हते, तरी पुरेसे होते.

तिसऱ्यांदा तिनं उचलला. माझ्या हातून स्पीकर दाबला गेला होता, त्यामुळे पस्तीस माणसांनी ऐकलं, "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. नाक धुतलं का?"

मी रडू लागलो. शिंकेसाठी डॉक्टरनं सांगितलं होतं तसं, चांगलं तोंड उघडून.

"बाबा, तुम्ही रडून राह्यले का?"

"नाही," मी म्हणालो, "नाकातलं पाणी आहे."

"मी येऊ का?"

आणि माझी जीभ, चौतीस वर्षांची सरकारी जीभ, म्हणाली, "नको, नको. माझं मी करतो."

शेवंताबाईनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "पोरी, मी शेवंतामावशी बोलून राह्यली. तुह्या बापाले काही इचारू नको. तो मेला तरी नको म्हनीन. तू निघ अन् ये."

मग सगळा उलगडा झाला. मी अंगणाच्या मध्यभागी उभा राहून नूतन शनिवारीच जबलपूरला गेल्याचं सांगितलं, बाटली दाखवली, पुड्या दाखवल्या. नथ्थू तर चिडलाच. मडकं नाकासाठी हाय असं सांगाचं नाही का, म्हणाला. मी म्हणालो, तू विचारायचं होतंस! तर म्हणे, "असं कोनी इचारते का भाऊ?" हेही खरंच. पातेल्यात पाणी उकळतच होतं, त्यातच चहा टाकला. कोणीतरी दूध आणलं. पस्तीस जणांनी चहा घेतला, काहींनी दोनदा, आणि माझं ऑपरेशन मी भूल दिल्यापासून टाके विरघळण्यापर्यंत तीन वेळा सांगितलं. जाताना प्रत्येक जण फाटकात वळून "येतो" म्हणाला. संध्याकाळपर्यंत अंगण रिकामं झालं.

नूतन दुसऱ्या दिवशी आली, पंधरा दिवस घरून काम करायची परवानगी घेऊन. तिनं आल्याबरोबर मला रागावून घेतलं, मग रोज ताजं पाणी उकळू लागली. बाकी दिवसभर ती बोलतच असते. माझ्याशी नाही, लॅपटॉपशी. समोरच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसते, आणि दर मीटिंगच्या सुरुवातीला मोठ्यानं विचारते, "मेरी आवाज़ आ रही है?"

मी तेव्हा आत बेसिनवर वाकलेला असतो. एक नाकपुडी धुवायची राहिलेली असते. तरी मी बाटली खाली ठेवतो आणि आतूनच ओरडून सांगतो, "हौ, येऊन राह्यला!"