पाऊण माणसाचं राज्य

शिरगणतीच्या कार्यालयात नकाशे काढणाऱ्या माणसाला सगळे ढगोबा म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता पगारपत्रकापुरतं उरलं होतं. हा माणूस बोलता बोलता खिडकीबाहेर बघायला लागायचा, आणि मग त्याचा चहा, त्याचं वाक्य आणि समोर बसलेला माणूस असे तिघंही थंड व्हायचे. अशा माणसाने एक दिवस साहेबांच्या खोलीत जाऊन छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, यंदाचा वर्धापनदिन माझ्यावर सोडा. अख्खा देश मागच्या मैदानात उभा करतो."

साहेबांनी चष्मा काढला. दरवर्षी या दिवशी मुख्यालयातून मोठे साहेब यायचे, त्यांना पडद्यावर राज्यांच्या लोकसंख्येचे रंगीत खांब दाखवले जायचे, आणि दुसऱ्या खांबाला त्यांचा डोळा लागायचा. मागच्या वर्षी तर ते घोरले होते.

"उभा करतो म्हणजे काय करतोस?"

"चुन्याच्या फक्कीने जमिनीवर नकाशा आखायचा. प्रत्येक राज्यात माणसं उभी करायची. एक माणूस म्हणजे एक कोटी. मोठ्या साहेबांना गच्चीवर न्यायचं आणि म्हणायचं, बघा. कुठे दाटी, कुठे शुकशुकाट, एका नजरेत कळेल."

"माणसं पुरतील?"

"घरच्यांना बोलावू."

साहेबांनी मनातल्या मनात मागच्या वर्षीचं घोरणं आठवलं आणि हो म्हटलं.

देशात राज्यं पुष्कळ, पण माणसं राहायची ती तीनचार राज्यांतच. त्यातही नदीचं राज्य म्हणजे कहर. देशातला दर सहावा माणूस तिथलाच. त्याच्या मागोमाग किनाऱ्याचं आणि कोळशाचं. आणि ज्याच्या अंगणात ही तिन्ही मावून वर जागा उरेल ते पठाराचं राज्य म्हणजे नुसतं गवत, वारा आणि आभाळ. तिथली लोकसंख्या एक कोटीही भरत नव्हती. हिशेबाने पाऊण माणूस लागत होता. ढगोबाने बराच विचार करून तिथे जावक विभागातल्या बाबूंना नेमलं, कारण कार्यालयात त्यांच्याइतकं किडकिडीत कोणी नव्हतं.

"म्हणजे मी पूर्ण माणूस नाही?" जावकबाबूंनी विचारलं.

"तुम्हीच सगळ्यात जवळचे आहात," ढगोबा म्हणाला. जावकबाबू दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

आता या सगळ्या खटाटोपामागे ढगोबाच्या पोटात एक वेगळीच गोष्ट होती. पठारावरच्या कार्यालयात नकाशे काढणाऱ्याची जागा रिकामी होती, आणि ती त्याने मोठ्या साहेबांकडे मागितली होती. गेली कित्येक वर्षं त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: एक टेबल, एक खिडकी, आणि खिडकीत काहीही नाही. कारण घरी त्याची बायको शिवणवर्ग चालवायची. सकाळपासून दोन खोल्यांत आठ मशिनी खडखडत असत. बाहेरच्या खोलीत पोरींचा चिवचिवाट, आत कापडांचे ढीग, आणि ढगोबा स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून, मांडीवर पाट घेऊन नद्या काढत असे. एकदा त्याने काढलेल्या अख्ख्या खाडीवर एका पोरीने बाही बेतली होती.

बायकोला मात्र पठार नको होतं. "मोकळी जागा म्हणजे धुळीचं माहेर," ती म्हणायची. "आणि क्लासच्या मुलींना काय गवताचे परकर शिवायला शिकवू? मला माणसांत बरं वाटतं. तुम्ही जा खुशाल." जा खुशाल म्हणजे पाऊल तर उचलून बघा, हे ढगोबाला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

म्हणून त्याने बेत केला. बायकोला उभं करायचं ते नदीच्या राज्यात, ऐन गर्दीत. माणसांची हौस आहे ना, मग घे. तासाभरात स्वतःहून म्हणेल, अहो, कुठेतरी लांब जाऊ या. बेत पक्का व्हावा म्हणून आदल्या संध्याकाळी फक्की ओढताना नदीच्या राज्याची सीमा जरा आतच वळली. हाताने वळली म्हणा, मनाने वळली म्हणा.

वर्धापनदिनाची सकाळ मोठी सुरेख उगवली. कोवळं ऊन, आणि आभाळात कापसाचे गठ्ठे फोडून टाकावेत तसे ढग. ढगोबा गळ्यात कॅमेरा आणि हातात भोंगा घेऊन गच्चीवर चढला आणि खाली बघतच राहिला. जन्मभर कागदावर काढलेला देश खाली श्वास घेत होता. ढगांच्या सावल्या किनाऱ्यावरून कोळशाकडे, कोळशाकडून नदीकडे हळूहळू सरकत होत्या. पठारावर मैदानातलं एकुलतं एक झाड होतं आणि त्याखाली जावकबाबू हाताची घडी घालून एकटेच उभे होते. आणि नदीचं राज्य? काडेपेटीतल्या काड्या बऱ्या. बायकोची निळी साडी मधोमध चेपलेली दिसली तेव्हा ढगोबाला गालातल्या गालात हसू आलं.

मोठ्या साहेबांची गाडी वाटेत बंद पडल्याचा निरोप आला. थांबणं भाग होतं. ऊन चढायला लागलं.

पहिली कुरबुर रोखपालाच्या सासूबाईंनी काढली. त्या नदीच्या राज्यात मांडीवर तान्ह्या नातवाला घेऊन घडीची खुर्ची उघडून बसल्या, त्यामुळे दोन कोटी लोक सीमेबाहेर ढकलले गेले.

"आजी, खुर्ची मिटा. तुमचा पाय आमच्या राज्यात आलाय," किनाऱ्यावरून कोणीतरी म्हणालं.

"मग तुमचं राज्य सरकवा. माझा गुडघा वळत नाही," सासूबाई म्हणाल्या.

वरून ढगोबाने भोंगा तोंडाला लावला, पण त्यातून नुसती शिट्टी निघाली. तेवढ्यात निळी साडी हलली. कोपरांनी वाट काढत त्याची बायको नदीच्या राज्यातून बाहेर पडली, कोळशाचं राज्य आडवं ओलांडून, दोन डोंगर तुडवून थेट पठारावर आली. ढगोबा कठड्यावरून इतका वाकला की कॅमेरा कठड्यावर आपटला. खालचं बोलणं मात्र वाऱ्यावर स्वच्छ वर येत होतं.

"वहिनी, इथे एकट्यालाच परवानगी आहे," जावकबाबू म्हणाले.

"तुम्ही पाऊणच आहात ना? मग मी पाव. सावलीत जरा टेकू द्या."

जावकबाबूंना हिशेब पटला. बायको झाडाखाली बसली. मग पाय लांब केले. मग पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली. तिच्या आजूबाजूला कोणी काही विचारत नव्हतं, कुठे मशीन नव्हती, दोरा तुटत नव्हता. पानांतून ऊन तिच्या अंगावर सांडत होतं. ढगोबाने तिला दिवसाउजेडी निजलेली लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. किती लहान दिसत होती. बेत फळाला आला याचा आनंद व्हायला हवा होता, पण का कोण जाणे, त्याला नुसतं बघत राहावंसं वाटलं.

तोच शिपाई धावत वर आला. "गाडी फाटकात आली. आपले साहेब विचारतायत, नदीच्या राज्यात एक कोटी कमी कसे?"

बायकोला उठवणं ढगोबाच्या जिवावर आलं. त्याने कॅमेरा शिपायाच्या हातात दिला, तीन मजले धावत उतरला आणि तिच्या जागी स्वतःच नदीच्या राज्यात घुसला.

घुसला म्हणजे लोकांनी त्याला ओढून घेतलं. चारी बाजूंनी खांदे लागले आणि त्याचे पाय जेमतेम जमिनीला टेकले. पडायची सोयच नव्हती. अशा गर्दीत तो आजवर कधी स्वखुशीने उभा राहिला नव्हता. सगळे मिळून मंद डुलत होते, वाऱ्यावर पीक डुलावं तसे. मागे कोणी बाई काहीतरी गुणगुणत होती. कोणाच्या केसांना साबणाचा वास येत होता.

"तू कोणाचा रे?" सासूबाईंनी विचारलं.

"मी नकाशे काढतो, आजी."

"ते नाही विचारलं. सकाळी खाल्लंस का काही? तोंड बघ कसं सुकलंय. धर." असं म्हणून त्यांनी नातू त्याच्या खांद्यावर टाकला आणि पायाशी ठेवलेला बिस्किटांचा डबा उघडला.

नातवाने ढगोबाच्या मानेत तोंड खुपसलं आणि तो झोपून गेला. उबदार, ओलसर, दुधाचा वास. बिस्किटांचा डबा हातोहात फिरला. त्याचा खडखडाट किनाऱ्यापर्यंत ऐकू गेला, आणि किनाऱ्याचे लोक आले. त्यांच्या मागून कोळशाचे. सासूबाई आपल्या गुडघ्याची कहाणी सांगायला लागल्या आणि ती इतकी रंगली की डोंगरातले दोघं आणि जंगलातला एकटा लेखापालही येऊन टाचा उंचावून ऐकू लागले. फक्की पुसली जात होती, पण बघतो कोण? ढगोबा डोळे मिटून डुलत होता. वरून एक ढग गेला असावा, कारण पापण्यांवर क्षणभर गार वाटलं. माणसांचा असा मधाच्या पोळ्यासारखा आवाज असतो आणि त्यात झोप इतकी छान लागते, हे आपल्याला इतकी वर्षं कोणी कसं सांगितलं नाही?

मोठे साहेब गच्चीवर पोचले तेव्हा खाली हे असं होतं: एवढ्या थोरल्या मैदानात सगळी राज्यं ओस, एका कोपऱ्यात माणसांचा एकच डुलणारा गोळा, आणि दुसऱ्या टोकाला झाडाखाली एक बाई झोपलेली. तिच्या उशाशी जावकबाबू खुंटासारखे उभे राहून हातवाऱ्यांनी पाखरं हाकलत होते.

"बाकीचा देश कुठे गेला?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा खाली पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "बिस्किटं खायला, सर."

मोठे साहेब खाली उतरले आणि आधी झाडापाशी जाऊन त्यांनी जावकबाबूंकडून पाऊण-पावाचा हिशेब ऐकला. मग गोळ्यासमोर उभे राहून त्यांनी विचारलं, "नकाशा कोणी काढला?"

"मी, सर," आतून कुठूनतरी आवाज आला. ढगोबाला बाहेर पडता येईना. खांद्यावर मूल झोपलेलं, हातात अर्धं बिस्किट.

"पठारावरची जागा मागणारे ते तुम्हीच?"

"हो, पण सर, त्याचं असं आहे की..." ढगोबा म्हणाला. पुढचे शब्द मुलाच्या टोपड्यात अडकले. त्याला सांगायचं होतं की आता घाई नाही, राहिलं तरी चालेल, उलट नदीच्या राज्यात एखादी जागा असली तर बघा.

"मी वरून नीट पाहिलं," मोठे साहेब म्हणाले. "तुमचा सगळा देश चुकलाय. अचूक भरलं ते एकच राज्य. पाऊण आणि पाव, बरोबर एक. पठार तुम्हाला कळलंय, गृहस्थ. जागा तुम्हाला दिली. पुढच्या महिन्यात रुजू व्हा."

सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या. मूल उठून रडायला लागलं. सासूबाईंनी ते परत घेतलं तेव्हा ढगोबाचा खांदा एकदम गार पडला.

संध्याकाळी नवराबायको पायी घरी निघाले. बायकोच्या केसांत अजून गवताची काडी होती आणि चेहऱ्यावर झोपेची साय. ती कधी नव्हे ती हळू चालत होती.

"अहो, तिथे घराला मोठी खिडकी असेल ना? मी मशिनी विकून टाकते. एक ठेवते फक्त. दुपारी दार लावायचं आणि नुसतं पडून राहायचं. वारा ऐकायचा. मला माहीतच नव्हतं हो, कोणी नसलं की इतकं बरं वाटतं."

ढगोबाने घसा खाकरला. "अगं, पण दिवसच्या दिवस माणूस नजरेला पडणार नाही. जड जाईल तुला."

"माणूस कशाला हवाय?" ती स्वप्नातून बोलावं तशी म्हणाली. "तुम्ही असालच की."

हे कौतुक होतं की आणखी काही, याचा विचार करत ढगोबा दोन गल्ल्या जास्त चालला. मागे वळून पाहिलं तर घर केव्हाच मागे राहिलं होतं आणि बायको दार उघडून आत गेलेली होती.