शिडाच्या बरगड्या

धर्मा नाखव्याच्या मचव्यात काहीही मोडत नसे. सगळे ‘वाढत’ असे. बायकांच्या बांगड्या वाढतात, तशा त्याच्या शिडातल्या बांबूच्या कांबी वाढत. ‘तुटली’ म्हटले की तो अंगावर धावून येई. मी ठाण्यात नवा मास्तर. पहिल्याच फेरीत तो ओरडला, “मास्तर, कांब वाढली!” मी म्हणालो, “मग थोडी कापून टाका ना!” खलाशी कल्याण येईपर्यंत हसत होते.

शिडात कांबी घालायचे खूळ मुळात त्याचेच. मुंबई बंदरात त्याने एक चिनी जहाज पाहिले आणि आल्याआल्या आपल्या शिडाला आडव्या कांबी शिवल्या. ठाण्याच्या कोपरी बंदरातले नाखवे म्हणत, “धर्माच्या शिडाला बरगड्या फुटल्या!” त्याचे उत्तर ठरलेले, “बरगड्या नाय त्याला छाती नाय!”

आणि काय तो मचवा पळे म्हणून सांगू! आगगाडी सोडून मी मुद्दाम त्याच्याबरोबर कल्याणला जाई. एकदा डोंबिवलीसमोर वाऱ्याने झोडपले आणि खालची कांब काडकन वाढली. शेजारचा मचवा पुढे निघाला. पण धर्मा शीड उतरवील तर शपथ! “सुकाणू धरा, मास्तर!” म्हणत तो मचव्याच्या काठावर चढला, चिरेच्या दोन्ही अंगांना बांबूच्या चिपा लावल्या आणि दातांत धरलेली ओली सुतळी गरगर आवळली. “सुकंल तशी आवळंल!” कल्याणला आम्हीच आधी लागलो! मी मास्तरकी विसरून नाचलो.

म्हणून त्या दिवशी मला राहवेना. त्याची एकुलती लेक भागी माहेरपण आटोपून कल्याणला सासरी निघाली होती. ती बोचके घेऊन मचव्यात बसलेली, भरती सरत आलेली, आणि हा किनाऱ्यावर एकच कांब बांधतोय. बांधी, सोडी, पुन्हा बांधी.

“अहो नाखवा, भरती जाईल!”

“कांब वाढलीया, मास्तर. घाई नाय करायची.”

मी चिडून कांब हातात घेतली, बोट फिरवले. चीर कुठेच नव्हती. धर्मा माझ्याकडे बघेना. मी कांब हळूच त्याच्या हातात परत दिली.

“चांगलीच वाढलीय हो,” मी मोठ्याने म्हणालो. “आज काही निघता येत नाही.”

ओहोटी लागली. भागी टुणकन उतरली आणि “आये, आजची रात मी हाय गं!” ओरडत घराकडे धावली.

“उद्या पोचवतो,” धर्मा खालमानेने म्हणाला. “सासरच्यांची येक रात चोरली, मास्तर.”