रद्द केलेली घोडी

सुनेला मदत करायची, असं मी दुपारी जेवणानंतर ठरवलं. तिथूनच सगळं बिघडलं.

आमची सून अल्का फुलचूरच्या घरात बसून नागपूरच्या कंपनीचं काम करते. लग्नाचा मंडप, बँड, घोडी, सगळं मोबाईलवर ठरवायचं एक ॲप होतं; बँडवाले, घोडीवाले त्यात आधीच जोडलेले होते. ते नीट चालतं का, हे तपासायचं काम तिचं. नोकरी नवी. दुसऱ्या दिवशी दुपारी ॲप लोकांच्या हाती जाणार होतं. चूक राहिली, तर नोकरी जाणार होती.

"मामाजी, तुमी दाबून पाहा जी," ती म्हणाली. "मले सारं मालूम हाय, म्हणून चूक दिसत नाही. काहीच न समजणारा मानूस पायजे."

(असा माणूस म्हणून तिला मीच आठवलो. मी मनावर घेतलं नाही. फारसं.)

"काय भरू?"

"काईबी. खोटं चालते. शेवटी 'रद्द करा' दाबा."

खोटं मी भरत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण खोटी सही कधी केली नाही. नवरदेव शालीकराम, म्हणजे मी. नवरी पार्वताबाई, म्हणजे आमची बायको. पत्ता खरा. दिवस उद्याचा, सकाळचा.

मग घोडीचं चित्र आलं. पांढरी, कपाळावर गोंडा.

माझ्या लग्नात मी घोडी मागितली होती. बाप म्हणाला, "घरी बैल हायेत ना!" बैलगाडीतून गेलो. नवरदेव मी, पण लोक बैलांना पाहत होते. चांगली जोडी होती.

मी घोडी दाबली. कूलर घुमत होता, खसाचा ओला वास येत होता. डोळे जड झाले. धानाच्या बांधीतून घोडी चालली होती, पाण्यात तिची सावली चालली होती. पलीकडे पार्वता उभी, पिवळ्या लुगड्यात. वाट संपत नव्हती, आणि संपावी असं मलाही वाटत नव्हतं.

"मामाजी, झोपून राहिले का?"

"विचार करून राहिलो," मी म्हणालो, आणि 'रद्द करा' दाबलं. रद्द झालं, असं हिरव्या अक्षरात आलं. अल्कानं 'बरोबर' लिहून टाकलं.

सकाळी दारात घोडी.

"दूल्हे को बुलाओ, दादाजी," घोडीवाला हिरालाल म्हणाला.

"मीच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. (घोडीनंही पाहिलं.)

अल्का धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला. "पडद्यावर रद्द झालं, पन या घोडीवाल्यायले निरोपच नाही गेला! अन् मी 'बरोबर' लिवलं!" ती मोबाईल घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात पळाली.

हिरालाल रिकामी घोडी परत न्यायला तयार होईना. "सजी हुई घोडी दरवाजे से खाली पीठ नहीं लौटती. अपशगुन है."

"कोनाले बसवता आता?" पार्वताबाई म्हणाली. "मले नोको सांगा."

बुकिंग माझ्या नावाचं होतं. मी दिलेला शब्द पाळतो. पाण्याच्या टाक्यावर चढलो आणि तिथून घोडीवर बसलो.

वरून जग वेगळं दिसतं. कुडवा गावाकडची झाडं निळसर धुरात तरंगत होती. वारा धोतरात शिरत होता. घोडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, हळूच वळली. खाली कोणी हसत असेल, मला ऐकू येत नव्हतं. मी बांधीतल्या वाटेवर होतो.

दाराशी आलो. कंबर धरली होती. पाय उचलेना. आणि घोडी आता टाक्याजवळ जाईना.

"चढाचं पायलं," पार्वताबाई म्हणाली. "उतराचं काऊन नाही पायलं?"

मी मान ताठ ठेवली. दुसरं काही हलतच नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून अल्काचा आवाज आला. आवाजात जीव आला होता. "हो सर. ॲप थांबवलं ना सर? बरं झालं... नाही सर, चूक मी नाही शोधली. आमच्या मामाजींनी."

मी ऐकत होतो. छाती भरून आली.

"त्यांना फोन देऊ?" तिनं माझ्याकडे पाहिलं. हिरालाल माझा एक पाय ओढत होता, पार्वताबाई दुसरा.

"सर," अल्का म्हणाली, "त्यांचं टेस्टिंग अजून चालू आहे."