जिंकलेल्याला रुकसत नाही

साळवे काका पूलचा डाव हरले की जिंकणाऱ्याची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेऊन बसत. मुकाट्यानं, जप्तीला आल्यासारखे. माझ्या पिशवीत रिकामा डबा, सातवीच्या गणिताच्या वह्या आणि घरी धुवायला न्यायचे आठवड्याचे कपडे असत. त्यावर दोन्ही हात ठेवून काका म्हणत, "जितलाव न्हवं गुरुजी? मग घाई कामून करायलाव?"

तेव्हा मी पाथरीत शाळेवर होतो. बायको आणि मुलगी परभणीला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दुपारच्या एसटीनं घरी जायचं, असा माझा कार्यक्रम असे; म्हणजे बायकोला तसा सांगितलेला असे. स्टँडच्या मागं शकीलभाईनं बियाण्याच्या बंद पडलेल्या दुकानात एक जुनं पूलचं टेबल टाकलं होतं. मास्तर माणूस अशा ठिकाणी दिसू नये म्हणून मी मागच्या दारानं जायचो. मागच्या दारासमोरच आमच्या हेडमास्तरांचं घर आहे, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

काका जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. तालुक्यातल्या निम्म्या बैलांना त्यांनी कधी ना कधी धरलेलं, बांधलेलं, शिवलेलं होतं. रिटायर झाले, पण हात शांत बसेनात. टेबलाचं हिरवं कापड फाटलं तेव्हा त्यांनी घरून सुई आणली आणि म्हशीच्या पोटाला घालतात तसे सात टाके घातले. बॉल त्या टाक्यांवरून गेला की टुणकन उडी मारायचा. बॉलशीही ते जनावरासारखंच बोलत. "हो... हो... उभी ऱ्हा माय, कायी टोचत न्हाई." नेम चुकला की दोष काठीचा नाही, हाताचा नाही. "बुजली," एवढंच म्हणत.

डावाला वीस रुपये आणि चहा, असा आमचा जुगार. पण काकांचा सगळा जीव जुगारात नव्हता, तो उठण्यात होता. हरलेल्यानं कधीही उठावं, त्याला कुणी अडवायचं नाही. शेवटचा डाव जिंकलेल्यानं मात्र काठी भिंतीला लावायची, हरलेल्याच्या पुढ्यात उभं राहायचं आणि विचारायचं, "रुकसत?" हरलेला "या" म्हणाला तर निघायचं. नाही म्हणाला तर पुन्हा बॉल लावायचे. मध्ये घड्याळाकडं बघायचं नाही. आणि कारण तर मुळीच सांगायचं नाही.

"कारन सांगून घेतलेली रुकसत म्हंजे भीक," काका म्हणत. "जितलेल्या मान्सानं भीक मागावी का?"

हा कायदा निजामाच्या काळापासून चालत आलाय, असं ते ठासून सांगत. शकीलभाई एकदा म्हणाला, "काका, निजाम के जमाने में पाथरी में पूल होता क्या?"

"पूल नव्हता रे. तमीज होती."

मला हे काही माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. पहिल्याच दिवशी मी दोन डाव जिंकलो आणि शहाण्या माणसासारखं पुढं असतानाच सटकायचं ठरवलं. मोबाईल कानाला लावला आणि तोंड पाडून बोलायला लागलो, "काय? कधी? बरं बरं, निघालोच." कोपऱ्यात काका आपल्या फोनची बटणं एकेक करून दाबत होते. माझ्या कानाशीच माझा फोन खणखणला. सकाळीच त्यांनी माझा नंबर घेतला होता, त्यांच्या पुतणीला शिकवणी हवी म्हणून.

"घ्या गुरुजी," काका म्हणाले. "मीच हाय. घरी समदे बरे हायेत का इचारायचं व्हतं."

मी तरीही पळालो. पुढचा महिनाभर माझं नाव 'पळपुटे गुरुजी' होतं आणि माझ्याशी कुणी खेळेना. शेवटी काकांनीच दया केली. "या, माज्यासंगं खेळा. पन रुकसत घेऊन जायचं."

मग माझे सुवर्णदिन सुरू झाले. मी गणिताचा माणूस. आपतन कोन, परावर्तन कोन मनात मांडून मी काठी लावायचो. "आज कोनमापक आनलं न्हाई का?" असं काका विचारायचे, पण हरायचे. शेवटचा काळा बॉल, म्हणजे आमची 'काळी', त्यांच्याकडून कधी टेबलाच्या खिशाच्या तोंडावर येऊन अडायची, कधी मारायची पांढरीच खिशात पडायची. तीन वर्षं, दर शनिवारी. मी शाळेत मुलांना सांगायचो की भूमितीचा व्यवहारात लय उपयोग होतो. कुठं होतो, ते सांगत नव्हतो.

अडचण एकच. जिंकायचो, म्हणून अडकायचो. "रुकसत?" म्हणून उभा राहिलो की काका पिशवी कुरवाळत छताकडं बघत. "एक डाव." मग आणखी एक. चारची गाडी जायची, पाचची जायची. आठ वाजता घरी पोचून मी टायर पंक्चर झाल्याचं सांगायचो. बायको एकदा शांतपणे म्हणाली, "पाथरीच्या रस्त्यावर दर शनिवारीच खिळे पडतात का हो?"

आणि मग तो शनिवार आला. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग. संध्याकाळी सहाला भाज्यांचा नाच, आणि त्यात आमची लेक वांगं. आदल्या वर्षी ती टोमॅटो होती, तेव्हा मी पोचलो तो पडदा पडल्यावर. लेक रडली नव्हती. नुसतं म्हणाली होती, "पुढच्या वर्षी लवकर निघा, बाबा." ते मला रडण्यापेक्षा वाईट लागलं होतं.

इतकं असूनही गाडीला दीड तास आहे म्हणून मी शकीलभाईकडं गेलोच. एकच डाव, असं स्वतःला बजावून. माझ्यासारख्या माणसाला अक्कल कशी येणार?

चारला आठ मिनिटं उरली तोवर मी चार डाव जिंकलो होतो. काठी भिंतीला लावली. "रुकसत?"

"एक डाव," काका म्हणाले.

मी घड्याळाकडं पाहिलं. एक नियम मोडलाच होता, म्हणून दुसराही मोडला. "काका, पोरीचं गॅदरिंग आहे. चारची गाडी चुकली तर गेलं. मागच्या वर्षीही..."

शकीलभाईनं कपाळावर हात मारला. मी कारण सांगितलं होतं, म्हणजे आता रुकसत मिळणं शक्यच नव्हतं.

काकांनी पिशवीवरचे हात काढले. "काय झालीया पोरगी?"

"वांगं."

ते हसले नाहीत. पिशवी बाकावर ठेवून उठले. "लावा बॉल. बिगी बिगी."

रचलेले बॉल फोडायची पाळी हरलेल्याची, म्हणजे त्यांची. त्यांनी फोडलं, आणि मग मला काठी उचलायची वेळच आली नाही. एक, दोन, तीन. हो-हो नाही, माय नाही, एक शब्द नाही. एक बॉल तर त्यांनी मुद्दाम त्या सात टाक्यांवरून उडवून खिशात घातला. टाके कुठं आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शेवटी काळी अशी गेली की जणू तिला घरीच जायचं होतं. चार मिनिटं लागली असतील.

"हरलाव गुरुजी," काका म्हणाले आणि पिशवी माझ्या हातात कोंबली. "हरलेल्याला कोन अडवायलंय? पळा."

मी पळालो. चालत्या गाडीत चढलो. खिडकीशी जागा मिळाली, आणि वाटेतलं मानवत येईपर्यंत माझ्या तीन वर्षांच्या विजयांचे सगळे कोन एकेक करून कोसळले. हा माणूस मला केव्हाही हरवू शकत होता. पण मी हरलो असतो तर उठून निघून गेलो असतो.

काकू जाऊन पाच वर्षं झाली होती, पोरगा पुण्याला. एकदा मी विचारलं होतं, काका, तुम्हाला घरी जायची घाई कशी नसते? तर ते म्हणाले होते, "जाऊन काय, कुलूपच उघडायचं." शकीलभाई आणि मी पोट धरून हसलो होतो. आम्हाला वाटलं, विनोद केला.

वांगं मी पहिल्या रांगेतून पाहिलं. देठ कानावर घसरला होता, तरी थांबलं नाही.

पुढच्या शनिवारी काका माझी वाट बघत होते. "दावा," म्हणाले. फोनवरचा तो नाच त्यांनी चष्मा लावून पाहिला. मग म्हणाले, "फिरून लावा." तीनदा पाहिला. मग खेळायला उठले. शेवटी काळी खिशाच्या अगदी तोंडावर होती. फुंकर मारली असती तरी पडली असती. काकांनी नेम धरला आणि ती वीतभर चुकवली.

"अरारा! बुजली बगा!" केवढा तो हळहळलेला चेहरा!

मी जिंकलो होतो. स्टँडवर चारच्या गाडीचा हॉर्न वाजला. घरी रात्री जेवायला येतो, असं त्या दिवशी मी खरंखरं सांगून आलो होतो. काका माझ्या पिशवीकडं हात नेत होते; मीच ती उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि बॉल लावायला घेतले.